भरताला कूपन नसतं

मुलीच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची मी सचिव कशी झाले, त्याला कारण एक पंखा. जळगावातला जून महिना, सभेला हॉल भरलेला, आणि चालू पंख्याखालची एकच खुर्ची रिकामी. मी जाऊन बसले. ती खुर्ची नेमकी अध्यक्षांच्या टेबलासमोर होती. "सचिव कोण होतंय?" असं विचारून त्यांनी मान वर केली, तर समोर मी. तेव्हापासून विमा ऑफिसातली नोकरी सांभाळून दर डिसेंबरात मी लष्कराच्या भाकऱ्या भाजते आहे, आणि घरचे म्हणतात, हौस आहे तिला.

डिसेंबर म्हणजे शाळेचा फनफेअर. शाळा कॅथलिक सिस्टर चालवतात. गावात तिला सगळे नुसतं 'कॉन्व्हेंट' म्हणतात आणि प्रवेशासाठी ओळखी काढत फिरतात. पुढच्या बाजूला रंगवलेली इमारत, बाग, मदर मेरीचा पुतळा. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पलीकडे, मुलींचं वसतिगृह. यावलच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला जी गावं आहेत, तिथल्या मुली तिथे राहून शिकतात. पुढच्या गेटात गाडीतून मुलं उतरवून जाणाऱ्या निम्म्या पालकांना मागे असं काही आहे हे माहीतसुद्धा नाही. ही गोष्ट मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा वैताग तिथूनच सुरू होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात वादळ झालं. आमच्याकडे वादळ म्हटलं की सगळे केळीचं विचारतात, किती बाग आडवी झाली, पंचनामा झाला का. वसतिगृहाच्या मोठ्या मुलींच्या खोलीवरचे पत्रे उडाले ते कोणी विचारलं नाही. त्या खोलीत नववीच्या चौघी राहायच्या. सिस्टरनी त्यांच्या गाद्या अभ्यासाच्या हॉलमध्ये टाकल्या. पण त्या हॉलमध्ये नाताळानंतर कॉम्प्युटरची खोली व्हायची होती. कुठल्याशा दात्याने कॉम्प्युटर दिले होते, टेबलांसकट. छप्पर देणारा दाता काही भेटत नाही, कारण छपरावर नाव रंगवलं तर ते वाचायला कोण वर चढणार?

"नाताळपर्यंत पत्रे बसले नाहीत तर चौघींना घरी पाठवावं लागेल," सिस्टर मला म्हणाल्या. मोठ्या सिस्टर मूळच्या दक्षिणेकडच्या, पण मराठी शिकल्या धुळ्याच्या बाजारात भाजी घेता घेता, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मधूनच अहिराणी डोकावते. "आणि घरी कोण शे? दिवाळीनंतर बठ्ठं गाव, सगळंच्या सगळं, ऊसतोडीला गुजरातमध्ये जातं. मुलगी पण जाईल."

त्या चौघींतली एक माझ्या मुलीच्या बाकावर बसायची. रविवारी सिस्टरची परवानगी काढून मी तिला घरी आणायचे. पोरगी मुलखाची अबोल. "पोहे करू?" "चालेल, काकू." "उपमा?" "चालेल, काकू." "आज काहीच करत नाही, उपाशी बसा दोघी." "चालेल, काकू." माझ्या मुलीची वेणी ती इतकी घट्ट घालायची की ती मंगळवारपर्यंत हलायची नाही. जेवली की स्वतःचं ताट घासायला उठायची. मी ओरडायचे, ठेव ते, पाहुणी आहेस. ती ऐकून घ्यायची आणि घासायचीच. तिचा मला कधी कधी रागच यायचा. नववीतल्या मुलीने एखाद्या तरी गोष्टीला नाही म्हणावं ना. भूमितीत मात्र ती माझ्या लेकीच्या चार पावलं पुढे होती आणि तिला दहावी करायची होती. हे तिने मला सांगितलं नव्हतं, माझ्या मुलीने सांगितलं होतं.

तर फनफेअरच्या बैठकीत मी सरळ म्हटलं, पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहा: मुलींच्या खोलीवर छप्पर नाही, छपरासाठी या.

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांची सराफ बाजारात पेढी आहे आणि प्रत्येक वाक्य ते तोलून मापून, जरा कमीच देतात. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "कॉन्व्हेंटच्या मुलींना छप्पर नाही, हे एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की संपलं. शाळेची इज्जत आहे. आणि त्या मुलींना काय वाटेल, याचाही विचार करा."

मी म्हटलं, "आमच्या वस्तीतल्या विहाराची भिंत पडली, तेव्हा आम्ही दारोदार जाऊन सांगितलं की भिंत पडली आहे. महिन्यात उभी राहिली."

"विहार वेगळा, शाळा वेगळी."

कशी वेगळी, ते त्यांनी सांगितलं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक बाई म्हणाल्या की 'विकासनिधी' शब्द चांगला आहे, त्यात सगळं येतं. मग शब्दावर अर्धा तास गेला, आणि उरलेला वेळ फुगे कुठल्या रंगाचे आणि पाहुण्यांना शाल की रोप यावर. सिस्टर कोपऱ्यात बसून होत्या. त्यांना मागायची सवय नाही, त्यांना प्रार्थना करायची सवय आहे. "छप्पर तर पाहिजे शे," एवढं त्या हळूच म्हणाल्या आणि कोणीतरी त्यांच्यापुढे चहा सरकवला. पत्रक छापून आलं: 'भव्य आनंद मेळा, शालेय विकासनिधीसाठी.' कडेला फुगे, वर विदूषक.

आता स्टॉल. मागच्या मेळ्यात यावल-रावेरकडच्या पालकांनी प्रेमाने ट्रॉलीभर केळी पाठवली होती आणि संघाने जळगावात केळीचा स्टॉल लावला होता. जळगावात! इथे केळं विकत घेतलं तर शेजारी विचारतात, गावाकडे काही वाद झाला का. संध्याकाळपर्यंत एक फणी खपली नाही. शेवटी आलेल्या-गेलेल्याच्या हातात आम्ही केळी कोंबत होतो आणि लोक "घरी आहेत हो" म्हणत पळत होते. म्हणून यंदा भरीत, असं ठरलं. हिवाळा, भरताची वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. याला कोण नाही म्हणेल? तिथे तर मीसुद्धा हात वर केला.

"भरीत माह्याकडं," असं म्हणत एक नाना उठले. त्यांचा नातू पहिलीत होता. यावलकडचे केळीवाले, पांढरी टोपी, आवाज बांध ओलांडून जाणारा. "वांगे माह्ये, काड्या माह्या, मानसंबी माह्ये. तुमी फक्त जागा द्या."

अध्यक्ष खूश झाले. खर्च शून्य, म्हणजे सगळं उत्पन्नच. मीही त्या दिवशी घरी येऊन मुलीला म्हटलं, तुझ्या मैत्रिणीचं छप्पर झालं समज.

मेळ्याच्या दिवशी सकाळीच मैदानाच्या कडेला कपाशीच्या काड्यांचा जाळ झाला. गावाकडून आलेली दहाबारा माणसं धोतरं खोचून वांगी उलथत होती. धूर थेट मदर मेरीच्या दिशेने. मग मोठ्या लाकडी काठवटीत वांगी, मिरच्या, लसूण पडलं आणि ठेचायचा आवाज सुरू झाला. त्या वासाने भेळेच्या स्टॉलवरची बाईसुद्धा स्टॉल सोडून आली. वसतिगृहाच्या चौघी भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन वाढायला उभ्या होत्या. आमची अबोल पोरगी पंगतीतून फिरत होती आणि नाना तिला दर फेरीला सांगत होते, "आधी तू जेव वं पोरी." ती म्हणायची, "चालेल, नाना," आणि पुढच्या माणसाला वाढायची.

पंगत म्हटलं मी. हो, पंगतच. मी टेबल मांडून दिलं होतं, कूपनाचा डबा ठेवला होता, क्यूआर कोड लॅमिनेट करून चिकटवला होता. तासाभराने येऊन बघते तर टेबल बाजूला, सतरंज्या अंथरलेल्या, माणसं मांडी घालून बसलेली, आणि क्यूआर कोडवर कांद्याच्या पातीची जुडी.

"नाना, कूपन?"

"कशाचं?"

"भरताचं. प्रत्येकाकडून एक कूपन घ्यायचं ठरलं होतं ना आपलं?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी अभद्र बोलले असावे. "भरताले कुठी कूपन असते का, ताई? भरीत खाऊ घालता, इकत नाई. बसा तुमी. ए, ताईले पान मांड रे!"

मी बसले नाही. मी कूपनाचा डबा घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभी राहिले. लोकांनी खिशात हात घातले, आणि प्रत्येक वेळी नाना किंवा त्यांचा कोणीतरी माणूस पुढे होऊन त्यांचा हात धरत होता. "ठेवा हो, पाव्हन्याकडून घेता का कुठं?" एकाने बळेच कूपन फाडलं, तर नानांनी त्याला दुप्पट भरीत वाढून त्याची भरपाई केली. मेळ्याशी संबंध नसलेले रिक्षावाले आले, समोरच्या दवाखान्यातले पेशंटचे नातेवाईक आले, नानांचे पारोळ्याचे व्याही खास गाडी करून आले. अध्यक्ष तीनदा जेवले. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तर म्हणाले, "लसूण थोडा पुढे आहे, पण अप्रतिम." बाकीच्या स्टॉलवर चिटपाखरू नव्हतं. पोट तुडुंब भरल्यावर पाणीपुरी कोण खाणार?

एवढं आनंदी मैदान मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढी चिडलेही कधी नव्हते. सगळं गाव त्या पोरींच्या हातची भाकरी घेत होतं, आणि आपण कशासाठी जमलो आहोत ते एकालाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, लाउडस्पीकर हिसकावून घ्यावा आणि ओरडावं. पण लाउडस्पीकरवर लकी ड्रॉ चालू होता आणि मिक्सर कोणाला लागतो याकडे सगळ्यांचे कान होते.

जमलेल्या पैशांत मांडववाल्याचं बिल भागलं आणि वर भिंती रंगवण्यापुरतं उरलं. छप्पर नसलेल्या खोलीच्या भिंती! अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी नियोजन लवकर करू. सिस्टरनी चौघींच्या गावी फोन लावले.

आमच्या पोरीला फडावर न्यायला तिचे आजोबा आले. ती निरोप घ्यायला घरी आली तेव्हा माझ्या मुलीने तिला आपली कंपासपेटी दिली आणि मी माझ्या परीने शहाणपण दिलं, की पुस्तकं सोबत ने, फडावर रोज थोडं वाच, परीक्षेला आपण काहीतरी करू. ऊसतोडीच्या फडावर लहान भावंडं सांभाळून आणि सगळ्यांच्या भाकऱ्या थापून कोण भूमिती वाचतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दारात उभ्या पोरीला काहीतरी सांगावं लागतं.

"चालेल, काकू," ती म्हणाली.

नाताळ झाला. पुढच्याच आठवड्यात नाना माझ्या दारात. संघाचं जे जे बेवारस उरतं ते माझ्या गॅलरीत येऊन पडतं, तशी त्यांची काठवटही माझ्याकडेच होती. "भरीत कसं झालतं, ताई?" त्यांनी हसत विचारलं, आणि माझा बांध फुटला.

वयाने मोठा माणूस, पाणीसुद्धा विचारलं नव्हतं मी, आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुमच्या भरताने चार पोरींची शाळा खाल्ली. तुम्ही पाहुणचार केलात आणि त्या उसाला गेल्या. त्यांच्या खोलीवर पत्रे टाकायचे होते त्या पैशांतून, आणि तुम्ही लोकांचे हात धरत होतात.

नाना उभेच होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "कोन्त्या पोरी?"

"भाकरी वाढणाऱ्या."

"ते? मी जिले जेव जेव म्हने, ते पोरगी?" ते खाली बसले, दारातच, चपलांपाशी. मग एकदम माझ्यावरच उखडले. "ताई, छप्पर पाह्यजे व्हतं तं छप्पर सांगाचं ना! तुमी तं कूपन सांगलं! इकास-फिकास लिवलं, जोकर काहाडला. माह्या मळ्यात जुन्या शेडचे पत्रे पडेल हायेत, वर्ष झालं. पंगतीत वेल्डिंगवाला जेवे, लोखंडवाला जेवे. तठीच उभं राहून म्हनलं अस्तं तं दुसऱ्या दिवशी पत्रे चढले अस्ते."

आमच्याकडचा माणूस कूपन फाडताना दहादा विचार करेल, पण कोणाच्या डोक्यावर छप्पर नाही म्हटलं की ट्रॅक्टर काढेल, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. बैठकीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, आणि आम्ही पत्रकावर विदूषक हसवत बसलो होतो.

रविवारी सकाळी सिस्टरांची प्रार्थना चालू असताना मागच्या गेटातून ट्रॅक्टर आत आला. कोणाला विचारणं नाही, सांगणं नाही. हातोड्यांचा असा दणदणाट सुरू झाला की प्रार्थनेचे शब्द ऐकू येईनात. मोठ्या सिस्टर अर्ध्यातून उठून बाहेर आल्या. "काय शे हे?" वरून नाना ओरडले, "छप्पर शे, माय!" त्यांच्याकडे 'शे' म्हणत नाहीत, पण सिस्टरच्या मानापायी त्यांनी तेवढी अहिराणी केली. संध्याकाळी खोली झाकली गेली. अध्यक्षांनी खाली उभं राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'संघाच्या प्रयत्नांना यश.' खाली टाळ्यांची रांग. मी फोन उलटा करून ठेवला.

तिघींना सिस्टरांनी परत बोलावलं, त्या आल्या. चौथीचा पत्ता लागेना. मुकादमाने टोळी दुसऱ्या फडावर हलवली होती आणि बापाचा फोन लागत नव्हता. नानांनी गुजरातेत जाणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्यांजवळ निरोप धाडले. नव्या छपराखाली एक कॉट तशीच रिकामी राहिली. माझी मुलगी बाकावर दप्तर ठेवून जागा धरायची. वार्षिक परीक्षा झाली, तिने जागा धरणं सोडलं.

जूनमध्ये ती आली. उंच झाली होती, हातावर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे होते. माझी मुलगी दहावीत गेली आणि ती पुन्हा नववीत बसली, आपल्याहून लहान पोरींमध्ये. कंपासपेटी तिने परत आणून दिली, आतलं सगळं जागच्या जागी.

आता परत फनफेअर आला आहे. या खेपेला बोअर आटली आहे आणि वसतिगृहाला पाण्याची टाकी हवी आहे. अध्यक्ष म्हणाले, भरीत ठेवूच, पण यंदा कूपन सक्तीचं, आणि पत्रकात टाकीबिकी नको, विकासनिधी बरा. मी म्हटलं, पत्रक या वेळी मी लिहिणार, नाहीतर सचिव दुसरा शोधा. दुसरा सचिव मिळणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. पंख्याखाली आता कोणी बसत नाही.

परवा रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते पत्रक लिहीत बसले होते. ती आली होती. ताट घासून झाल्यावर हात पुसत माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि वाचायला लागली.

"काकू, तेव्हा छपराचं का नव्हतं लिहिलं?"

ती आपण होऊन काही विचारते आहे, याचाच मला धक्का बसला. मी म्हटलं, "लोकांना वाटलं, शाळेची लाज जाईल. तुम्हा मुलींनाही वाईट वाटेल."

"पत्रे उडाले होते, काकू," ती म्हणाली. "आम्ही थोडेच उडवले होते? आम्हाला कशाची लाज? मला विचारलं असतं तर मीच गेटवरच्या फळ्यावर लिहून ठेवलं असतं."

आम्ही तिला विचारलं नव्हतं. तिच्या लाजेची काळजी करत अख्खा संघ बसला होता आणि ती तिथेच, भिंतीपलीकडे हॉलमध्ये, गादी गुंडाळत होती. मी कागद तिच्यापुढे सरकवला. वर लिहिलं होतं: 'वसतिगृहाच्या मुलींना पाणी नाही. टाकी हवी आहे. भरीत खायला या.'

"असं चालेल?" मी विचारलं.

तिने पुन्हा एकदा सगळं वाचलं.

"नाही चालणार, काकू," ती म्हणाली. "कधीपर्यंत पाहिजे, ते लिहिलंच नाही."